हाडाशी जुळणारी काच

प्रश्न : माझ्या भावाच्या नडगीच्या हाडाला दोन वर्षांपूर्वी टायटॅनियमची प्लेट बसवली. हाड जुळले असून प्लेट काढण्यासाठी आता पुन्हा शस्त्रक्रिया सुचवली आहे. शरीरातील पेशींप्रमाणे स्वतः बदलणारे पदार्थ तयार होत आहेत, असे वाचले. ते प्लेटची जागा घेतील का?
– एक वाचक, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : असे पदार्थ आहेत, मात्र मोडलेल्या नडगीला त्या वेळी जो आधार हवा होता तो धातूनेच दिला, हे आधी नमूद केले पाहिजे.

डॉगरिज जातीच्या खुंटावर द्राक्षाचे कलम केले की जोडावर पट्टी घट्ट बांधावी लागते. पण जोड धरून खोड जाड होऊ लागल्यावरही ती सोडली नाही, तर तीच काचते, हे आपण बागेत पाहिले असेल. प्लेटचेही तसेच: टायटॅनियम हाडाच्या सुमारे पाच-सहा पट ताठ असल्याने बराचसा भार स्वतःवर घेते, आणि ज्या हाडावर भार पडत नाही ते हळूहळू विरळ होते.

फ्लोरिडा विद्यापीठातील लॅरी हेंच यांनी 1969 मध्ये सिलिका, सोडियम, कॅल्शियम व फॉस्फरस यांची एक काच तयार केली. शरीरातील द्रवात तिच्या पृष्ठभागावर सिलिकाचा जेलसारखा थर बनतो, त्यावर कॅल्शियम फॉस्फेट साचते आणि अखेर हाडातल्या खनिजासारखेच स्फटिक तयार होतात, म्हणून हाड तिला घट्ट धरते. ती ठिसूळ असल्याने मुख्यतः पोकळ्या भरण्यासाठी उपयोगी पडते.

मला अधिक मोलाचे वाटते ते हायड्रोजेलवरील, म्हणजे भरपूर पाणी धरणाऱ्या मऊ, जाळीदार पदार्थावरील काम. पेशी वाट काढताना भोवतालचे कोलॅजन (ऊतींना आधार देणारे प्रथिन) कापणारी एन्झाइम्स सोडतात. म्हणून जेलचे धागे त्याच एन्झाइम्सनी तुटतील अशा प्रथिनांच्या तुकड्यांनी बांधले जातात. पेशी जेथे शिरतात तेथेच जेल विरते आणि त्या जागी नवी ऊती उभी राहते, म्हणजे कलमाने धरल्यावर पट्टी आपणहून सुटावी तसेच. उंदरांच्या कवटीतील छिद्रे अशा जेलमध्ये हाड वाढवणारे प्रथिन घालून भरल्याचे प्रयोग 2003 मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु हे जेल मऊ असते. चालत्या माणसाचा भार ते पेलणार नाही, त्यामुळे नडगीसाठी आज तरी प्लेटच योग्य.

त्रास नसेल, तर प्रत्येक प्लेट काढावीच लागते असे नाही. हे शल्यविशारदांना स्पष्ट विचारावे. काढलीच, तर स्क्रूची भोके भरेपर्यंत काही महिने हाड तेथे कमकुवत राहते, म्हणून हंगाम तोंडावर असला तरी भावाला द्राक्षांचे क्रेट उचलू देऊ नयेत.