थायलंडमधला ‘प्ला थू’ म्हणजे आपला बांगडाच का? तो कुठे आणि कसा खावा?

नाही. भाऊबंद आहेत, पण एक नव्हेत. आपला बांगडा म्हणजे रास्ट्रेलिजर कानागुर्ता, प्ला थू म्हणजे रास्ट्रेलिजर ब्राकिसोमा. प्ला थू बुटका, अंगाने रुंद, मांस मऊ आणि तेलकट. बांगडा थायलंडच्या समुद्रातही मिळतो, तिथे त्याला प्ला लांग म्हणतात, आणि बँकॉकजवळच्या मे क्लाँग गावच्या बाजारात तो प्ला थूच्या खालच्या पंगतीला बसतो. कोकणातल्या माणसाला हे पचायला जड जातं. मी वेंगुर्ल्याची आहे, मलाही गेलं. पण खरं ते खरं.

तुमचा प्रश्न दिसल्यावर गप्प बसवेना, कारण याच माशावरून आमच्या घरात अजून वाद आहे.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं बँकॉकमध्ये राहत होतो. तेव्हा ताई आणि भावोजी आले होते. भावोजींना मे क्लाँगचा रेल्वेचा बाजार बघायचा होता, तोच, जिथे गाडी आली की बायका छत्र्या आणि टोपल्या मागे ओढतात आणि गाडी गेली की पुन्हा पसरतात. सगळे तेवढंच बघतात, व्हिडिओ काढतात आणि परततात. त्या रुळांच्या कडेला प्ला थूच्या टोपल्या मांडलेल्या असतात. बांबूच्या, बशीएवढ्या, एकेकीत दोन-तीन मासे, आणि प्रत्येक माशाची मान मोडून डोकं खाली वळवलेलं. भावोजींनी एक टोपली उचलली, नाकाशी नेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “मान लुळी पडलेला मासा आमच्याकडे मांजरालासुद्धा घालत नाहीत.” विकणारीला मराठी कळलं नाही, चेहरा कळला. तिने टोपली त्यांच्या हातातून हळूच घेतली आणि जागेवर ठेवली. मी तिची माफी मागितली, तिने मान हलवली, पण नंतर आमच्याकडे बघितलं नाही.

मासा शिळा झाला म्हणून मान पडत नाही हो. ती हाताने मोडतात. कल्ल्यांतून आतडी काढायची, मासा धुवायचा, मान वाकवून गोल टोपलीत बसवायचा आणि टोपलीसकट मिठाच्या उकळत्या पाण्यात सोडायचा. सरळ मासा त्या टोपलीत मावणार नाही, डोकं नाहीतर शेपटी बाहेर राहून तुटेल. शिजवायला तीच टोपली, न्यायला तीच आणि विकायलाही तीच. ‘वाकड्या तोंडाचा, मोडक्या मानेचा’ ही मे क्लाँगच्या माशाची ओळख तिथले लोक अभिमानाने सांगतात. शिळेपणा ओळखायचाच असेल तर मानेकडे नाही, पोटाकडे बघा. नरम पडलेल्या माशाचं पोट उकळत्या पाण्यात फुटतं. अख्खं पोट आणि चकाकती कातडी दिसली की निर्धास्त घ्या.

बर्फ नव्हता तेव्हा मिठाच्या पाण्यात उकडलेला मासा होडीचा प्रवास सोसायचा. आणि तिथे सगळा प्रवास पाण्यातूनच. दाम्नन सादुआक कालवा १८६८ मध्ये पुरा झाला आणि मे क्लाँग नदी ता चीन नदीला जोडली गेली. तिथून पुढे बँकॉककडे जायला कालवे होतेच. रेल्वे आली ती १९०५ च्या सुमारास. रस्ते तर त्याच्याही खूप नंतर.

मे क्लाँग आणि अम्फवा ज्यात येतात तो समुत सोंगख्राम हा थायलंडचा सगळ्यात लहान प्रांत, चारशेवर चौरस किलोमीटरचा. पण या माशाच्या जेवणाला जे लागतं ते सगळं तेवढ्यात मिळतं. नदीच्या मुखाशी उथळ चिखलाचा समुद्र, त्यात नद्यांनी आणलेला गाळ आणि त्यावर पोसलेला मासा. पूर्वी तो बांबूचे खांब रोवून केलेल्या मोठ्या सापळ्यांत धरायचे. जवळच मिठागरं. ख्लाँग खोनच्या खारफुटीत अगदी बारीक कोलंबीसारखा जीव मिळतो, तो खारवून, कुटून कापी नावाचा लगदा बनतो. आणि अम्फवाच्या माडांच्या बागांत माडाच्या रसाची साखर.

त्याच दिवशी आम्ही अम्फवाला गेलो. आमच्या शेजारणीची मावशी तिथे कालव्यावर राहते, सगळे तिला पा म्हणतात. खांबांवरचं लाकडी घर, पायऱ्या थेट पाण्यात. पा मावशीच्या आईच्या वेळी भाजी, तांदूळ, मासे, सगळं पायरीशी होडीतून यायचं. रस्ते झाले तसा पाण्यावरचा बाजार बसला. आता शुक्रवार ते रविवार संध्याकाळी भरतो तो २००४ मध्ये पुन्हा सुरू केलेला.

पा मावशीने आमच्यासाठी प्ला थू सातिया केलं होतं. हे ताज्या माशाचं, टोपलीतल्या नव्हे. कालव्यांवर वसलेल्या चिनी कुटुंबांची त्यावर छाप आहे. पातेल्याच्या तळाला उभा चिरलेला ऊस, म्हणजे मासा खाली लागत नाही. त्यावर डुकराच्या चरबीदार मांसाचे तुकडे आणि मासे. मग माडाची साखर, चिंचेचा कोळ, माशाचं खारं पाणी म्हणजे फिश सॉस, आणि लसूण, मिरी, कोथिंबिरीची मुळं कुटून. मंद आचेवर तासन् तास ठेवायचं, ढवळायचं नाही. काटेसुद्धा मऊ होतात. आपल्या तिखल्यासारखंच ते दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं आणि टिकतंही.

शिवाय एक आंबट सार होतं, मादान घातलेलं. मादान हे हिरवं, बोटभर फळ आपल्या कोकमाच्याच कुळातलं, दोन्ही गार्सिनिया. तिकडे प्ला थूला मादान, इकडे बांगड्याला कोकम. इतक्या लांबच्या दोन किनाऱ्यांवरच्या बायकांनी भाऊबंद माशांना एकाच कुळातलं फळ लावलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. मी ते भावोजींना सांगितलं. ते म्हणाले, “आमचं कोकम वेगळं,” आणि पांढरा भात आणि ऑम्लेट खाऊन उठले. ताईने सातिया काट्यांसकट संपवलं, पा मावशीने तिला पुन्हा वाढलं.

भावोजी अजूनही गणपतीत पंगतीला बसले की ‘तिकडे कुजके मासे खातात’ हे सांगतात, आणि लोक हसतात. म्हणून हे सगळं लिहिते आहे. रापणीचा मासा बघत वाढलेल्या माणसाने दुसऱ्या किनाऱ्यावरच्या कोळणीच्या मालाला न चाखता नावं ठेवावीत, हे मला आजही पटत नाही. तुमच्याबरोबर असं कोणी येणार असेल तर त्याला मॉलमध्ये सोडा आणि तुम्ही एकटे जा.

कुठे, तर मे क्लाँग आणि अम्फवा. बँकॉकहून सत्तरेक किलोमीटर. बँकॉकच्या वाँगवियन याई स्टेशनहून महाचायपर्यंत रेल्वेगाडी, तिथे होडीने नदी ओलांडून पुढची गाडी. वेळ लागतो, पण असंच जावं. टूरवाल्यांच्या बुफेत हा मासा दिसणार नाही. बँकॉकच्या दुकानांत दिसेल, पण तिथला पुष्कळसा माल बाहेरच्या देशांतून गोठवून आलेला असतो, कारण गेल्या काही वर्षांत थायलंडच्या आखातातली पकड फार घसरली आहे. अंड्यावरचे आणि कोवळे मासे बेसुमार ओढले, दुसरं काय. आता १५ फेब्रुवारी ते १५ मे प्रचुआप, चुम्फोन, सुरात थानी या दक्षिणेकडच्या प्रांतांच्या बाजूला मासेमारीवर बंधनं असतात. तिथे अंड्यातून निघालेला मासा वाढत वाढत वरच्या आखातात येतो, म्हणून पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर ते जानेवारी, मे क्लाँगचा मासा सगळ्यात तेलकट. डिसेंबरच्या सुमारास तिथे प्ला थूचा उत्सवही भरतो.

कसा, तर पहिल्यांदा टोपलीतला मासा तळून, नाम फ्रिक कापीबरोबर. कापी, लसूण, मिरच्या, लिंबू, थोडी साखर कुटलेली चटणी, सोबत उकडलेल्या भाज्या आणि गरम भात. जवळ्याची चटणी आवडणाऱ्याला ही परकी वाटणार नाही. सातिया दुसऱ्या दिवशी.

हे आधीच लिहायला हवं होतं: कोलंबीची ॲलर्जी असेल तर कापीपासून लांब राहा. रक्तदाब असेल तर टोपलीतला मासा बेताने, मीठ बरंच असतं. डुकराचं मांस चालत नसेल तर सातिया मागवण्याआधी विचारा, काही घरांत ते घालत नाहीत, पण पातेलं बघून ते कळत नाही.