ॲलिसवरून पडलेले दोन तट

प्रश्न: आमच्या वाचनगटानं या महिन्यात लुइस कॅरलचं ‘ॲलिस इन वंडरलँड’ घेतलं आणि गटात सरळ दोन तट पडले. काही जण म्हणाले, असं दुसरं पुस्तक नाही. बाकीच्यांना ते संपवताना नाकी नऊ आले. धड कथानक नाही, आणि शेवटी ‘सगळं स्वप्न होतं’ म्हणून लेखक मोकळा! एकीच्या दहा वर्षांच्या मुलीनं तर ‘ॲलिसशी कुणीच नीट वागत नाही’ म्हणून पुस्तक अर्ध्यात सोडलं. कुणाचं बरोबर मानायचं?

उत्तर: आधी त्या मुलीबद्दल बोलते, कारण माझ्या मते तुमच्या गटात तिनंच पुस्तक सगळ्यांत नीट वाचलंय.

चहापानाचं प्रकरण उघडून बघा. टेबल चांगलं ऐसपैस, आणि तिघं (मार्च हेअर नावाचा ससा, टोपीवाला हॅटर आणि एक पेंगणारा उंदरासारखा प्राणी) मात्र एका कोपऱ्यात दाटीवाटीनं बसलेले. ॲलिस दिसल्याबरोबर जागा नाही म्हणून ओरडा सुरू. मार्च हेअर तिला वाइन घे म्हणतो, आणि वाइन तर तिथं नाहीच. नसलेली वस्तू देऊ करणं सभ्यपणाचं नाही, असं ती म्हणते, तर न बोलावता येऊन बसणंही नाही, हे तिलाच ऐकावं लागतं. लगेच हॅटर तिच्या केसांवर घसरतो. डचेस नावाची सरदारीण खेकसते, राणी ऊठसूट मुंडकी उडवायला सांगते. नियम कुणी आधी सांगायचे नाहीत, ते मधेच बदलायचे, आणि चुकलं की बोलणी खायची पोरानं. मोठ्यांच्या जगाचा मुलांना येणारा अनुभव इतका हुबेहूब फार थोड्या पुस्तकांत उतरलाय. पुस्तक आवडलेल्यांना याच पानांवर हसू फुटतं आणि त्या मुलीचा जीव याच पानांवर गुदमरला. तिला पुन्हा वाचायची सक्ती करू नका. पण शेवटचा खटला तिला वाचून दाखवाच. तिथं ॲलिस वाढत वाढत आपल्या मूळ उंचीची होते आणि तुम्ही नुसते खेळातले पत्ते आहात, तुम्हाला कोण विचारतो, असं भर दरबारात सुनावते. तिथं पोचायच्या आत त्या मुलीनं पुस्तक मिटलं, याची मला खरंच चुटपुट लागली.

आता कथानकाचं. ४ जुलै १८६२ रोजी ऑक्सफर्डहून गॉडस्टोला जाणाऱ्या होडीत ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली गेली. सांगणारा चार्ल्स डॉजसन, गणिताचा अध्यापक (कॅरल हे त्याचं टोपणनाव). ऐकणाऱ्या तिघी लिडेल बहिणी. त्यातली ॲलिस तेव्हा दहा वर्षांची. पुढे १८६४मध्ये त्यानं तिला हातानं लिहिलेली, स्वतः चित्रं काढलेली प्रत भेट दिली. तिच्यात चहापान नाही आणि सदा हसणारं चेशर मांजरही नाही! ते १८६५च्या छापील पुस्तकासाठी वाढवलं आणि मजकूर जवळजवळ दुप्पट झाला. म्हणजे पुस्तकाची घडणच मुळात तोंडी सांगितलेल्या गोष्टीची, एकेक प्रसंग जोडत जाणारी. एका दमात बारा प्रकरणं वाचणारा मोठा माणूस कंटाळणारच. रोज एक प्रकरण, तेही मोठ्यानं वाचा. मी मुलांना असंच वाचून दाखवते आणि ‘पुढे काय’ हा प्रश्न दर वेळी येतो.

कवितांबाबत मात्र मी नाराज मंडळींच्या बाजूची. त्या काळच्या इंग्रज मुलांना आयझॅक वॉट्सची उद्योगी मधमाशीची बोधपर कविता तोंडपाठ असायची; कॅरलनं मधमाशीच्या जागी सुसर आणली की मुलं खदखदून हसायची. मूळ कविताच ठाऊक नसेल तर हसायचं कशाला? स्वप्नाची पळवाट मला खटकत नाही, कारण ॲलिसला जाग येते ती तिच्याच बंडामुळे. खटकतं ते त्यानंतरचं थोरल्या बहिणीचं पान. ॲलिस मोठी झाल्यावर कशी असेल, या विचारात ती हळवी होते आणि तिथं मुलांचं पुस्तक मोठ्यांच्या ताब्यात जातं.

मतभेदाचं वाईट वाटून घेऊ नका. १८६५मध्येच ‘अथेनियम’ नावाच्या लंडनच्या साप्ताहिकानं हे पुस्तक वाचून खरंखुरं मूल रमण्यापेक्षा गोंधळूनच जाईल, असं लिहिलं होतं.

प्रश्न: ॲलिस मला शिष्ट वाटते. तिच्याबद्दल माया कशी वाटावी?

उत्तर: पहिलं प्रकरण सावकाश वाचा. विहिरीसारख्या बिळातून पडता पडता ती फळीवरची मार्मालेडची बरणी उचलते. बरणी रिकामी निघते, पण खाली कुणाच्या डोक्यात पडून जीव जाईल म्हणून ती सोडून देत नाही. पडता पडताच दुसऱ्या कपाटात ठेवते. स्वतः कुठं आदळणार याचा पत्ता नाही, आणि काळजी खालच्या अनोळखी माणसाची! मला तर या बरणीपाशीच ती आवडायला लागली.

प्रश्न: डोमकावळा आणि लिहायचं मेज यांत सारखं काय? मी सगळं पुस्तक शोधलं. (इयत्ता पाचवी)

उत्तर: पुस्तकात उत्तर नाहीच, बाळा, तुझं शोधणं कमी पडलेलं नाही. कोडं घालणाऱ्या हॅटरलाही ते येत नाही. लोक विचारत राहिले म्हणून कॅरलनं १८९६च्या प्रस्तावनेत एक उत्तर दिलं, आणि मूळ कोड्याला उत्तर नव्हतंच, हेही सांगितलं. तुला एखादं सुचलं तर लिहून पाठव, पुढच्या अंकात छापू.