एल्क मारण्याआधी तो बाहेर कसा आणणार ते ठरवा

तुम्ही विचारलंय: कोलोरॅडोत पहिल्यांदाच एल्कच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणाच्या शिकारीला जातोय, रायफल सीझन (रायफलने शिकारीचा ठरलेला काळ), गाईड नाही. रस्त्यापासून जितकं आत जाऊ तितकं चांगलं ना? आणि युनिट, म्हणजे शिकारीचा विभाग, कोणता घेऊ?

जितकं आत तितकं चांगलं, हे पाठीवर मांस न वाहिलेली माणसं सांगतात. आधी दोघांच्या पायांत किती दम आहे ते बघा, युनिट नंतर.

मी आणि माझा मेहुणा ऑक्टोबरच्या पहिल्या सीझनला फ्लॅट टॉप्स वाइल्डरनेसमध्ये, कोलोरॅडोतल्या राखीव रानात होतो. दुपार कलली होती. खाली दरीत ओढ्याकाठी भरदार शिंगांचा बुल, म्हणजे नर एल्क, चरत होता. वारा दरीतून वर आमच्याकडे येत होता, म्हणजे आमचा वास त्याला जात नव्हता, पल्ला माझ्या आवाक्यातला. मेहुणा कानाशी कुजबुजत होता, "दाजी, मारा ना!" मी रायफल खाली घेतली. घरात चार माणसं जेवायला बसली की तो अजूनही हा विषय काढतो, म्हणून हिशेब इथे मांडतो.

मोठ्या बुलचं हाडं काढलेलं मांसही ९० किलोच्या आसपास भरतं. शिंगं वेगळी. आमचा तंबू तिथून सहा किलोमीटरवर, त्यातली सुरुवातच दरीची उभी चढण. वाइल्डरनेसमध्ये मोटार सोडाच, चाकांची हातगाडीसुद्धा चालत नाही. म्हणजे दोघांनी दोन-दोन फेऱ्या, प्रत्येक खेपेला वीस-बावीस किलो पाठीवर, साडेदहा हजार फुटांवर. माणशी अठरा किलोमीटर चाल, त्यातली बारा ओझ्यासकट. मग तंबू ते गाडी हा रस्ता उरतोच.

मेहुण्याचं म्हणणं, रात्री गोठतं, मांस टिकलं असतं. टिकलं असतं, मान्य. कातडं लगेच उतरवून मांड्या सावलीत टांगल्या की थंडीत रात्र निघते. पण तो आदल्याच दिवशी ह्यूस्टनहून, समुद्रसपाटीवरून आला होता. सकाळपासून त्याचं डोकं ठणकत होतं, जेवण जात नव्हतं. ही गोष्ट सांगताना तो एवढंच गाळतो. अशा माणसाला अंधारात ओझं देऊन त्या चढणीवर मी नेणार नाही. आणि खाण्याजोगं मांस जंगलात सोडून येणं कोलोरॅडोत गुन्हा आहे. कायदा नसता तरी मी सोडलं नसतं.

तेव्हा सीझन सुरू होण्याआधी दोन-तीन दिवस उंचीवर येऊन राहा. सकाळी ऊन तापेपर्यंत वारा उतारावरून खाली वाहतो, तेव्हा कळपाच्या वर जाऊन बसू नका, तुमचा वास त्यांना लागेल. ड्रॉचे, म्हणजे परवान्यांच्या सोडतीचे अर्ज एप्रिलच्या सुरुवातीलाच बंद होतात.

घोडे भाड्याने घेणार असाल तर माझा अर्धा हिशेब गळून पडतो. मांस वाहणारा माणूस आधीच ठरवून ठेवला असेल तरीही. आणि एच-१बीवर असाल तर हे महत्त्वाचं: चालू शिकार परवाना हातात येण्याआधी बंदुकीला हात लावू नका, उसन्या बंदुकीलाही नाही. परवाना नसेल तर तो फेडरल गुन्हा ठरू शकतो. वकिलाला विचारून घ्या.

सोबत्याशी मात्र निघण्याआधीच बोला: दुपारी किती वाजल्यानंतर गोळी नाही, किती खोल दरीत नाही, आणि दोघांपैकी एकाला बरं नसेल तर अजिबात नाही. माझ्या मेहुण्याला हे तिन्ही कबूल असेल, तर पुढच्या ऑक्टोबरला मी त्याच्याबरोबर यायला तयार आहे.