शोकसभेत दिवे लाल का झाले?

प्रश्न : आमच्या वाचनालयाचं दीडशे खुर्च्यांचं सभागृह आहे. मुंबईत स्थायिक झालेल्या एका जुन्या सभासदांनी रंगमंचावर झोत टाकणारे आठ एलईडी पार दिवे भेट दिले. ते टांगून झाले, पण चालवायचे कसे, यावर तीन बैठका झाल्या. वायरमन म्हणतो, पंख्याच्या रेग्युलेटरसारखा डिमर बसवतो. दुकानदार म्हणतो, काचेचं रंगचक्राचं टच पॅनेल घ्या, भिंतीवर शोभेल. दिवे लावणार आमचे शिपाईकाका, साठीला आलेले. कार्यक्रम म्हणजे व्याख्यानं, कीर्तन, शाळेचं गॅदरिंग, वर्षातून एखादी एकांकिका. समितीने बारा हजार मंजूर केलेत. मी यातलं काही जाणत नाही आणि सही मात्र मलाच करायची आहे. काय घेऊ?
– एक चिटणीसबाई, जिल्हा रत्नागिरी

उत्तर : ताई, आधी वायरमनला थांबवा. एलईडी पारच्या पोटात त्याचा स्वतःचा पॉवर सप्लाय असतो. त्याला सरळ 230 व्होल्ट लागतात. मध्ये रेग्युलेटर घातलात तर दिवे फडफडतील आणि एकेक करून सप्लाय जातील. दिव्याला वीज पूर्ण द्यायची. किती उजळायचं आणि कुठला रंग दाखवायचा, हा निरोप वेगळ्या केबलमधून पाठवायचा. त्या निरोपाची भाषा म्हणजे डीएमएक्स. 1986 पासून रंगमंचावर तीच चालते. एका लाइनवर 512 चॅनेल, आणि प्रत्येक चॅनेलवर 0 ते 255 मधला एक आकडा. बाकी सगळी करामत दिव्याची.

दुकानदाराला मात्र मी नावं ठेवणार नाही. त्याने सुचवलेली चूक मी स्वतः करून बसलोय.

एका तालुक्याच्या गावी सभागृहात असंच काचेचं पॅनेल लावलं. पांढऱ्यावर बोट ठेवलं, सगळे दिवे लख्ख लागले. मी चहा घेतला, पैसे घेतले, एसटी पकडली. आठवड्याने तिथे शोकसभा होती. कुणीतरी म्हणालं, जरा मंद पिवळा करा. पॅनेलवर पिवळ्याला बोट लावलं आणि फोटो, हार, समई, अध्यक्ष, सगळे लालभडक. निळा लावून बघितला तर अंधार. मला फोन आला तेव्हा मागे कुजबुज ऐकू येत होती.

झालं होतं असं. पॅनेल चार आकडे पाठवतं : लाल, हिरवा, निळा, पांढरा. पण तिथल्या दिव्यांचा पहिला चॅनेल होता एकूण उजेडाचा, म्हणजे डिमरचा. लाल दुसऱ्यावर, हिरवा तिसऱ्यावर, निळा चौथ्यावर. सगळं एक घर पुढे सरकलेलं. पिवळा म्हणजे पॅनेलच्या लेखी लाल आणि हिरवा. दिव्याने त्याचा अर्थ लावला डिमर आणि लाल. निळ्याला पहिला आकडा शून्य, म्हणजे डिमर बंद. पांढऱ्याला चारही आकडे भरलेले, म्हणून माझी चाचणी पास! तेव्हापासून मी पांढरा रंग बघून कुठलंही काम पास करत नाही.

म्हणून दुकानात जाण्याआधी शिडी लावा. दिव्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर मेनू असतो आणि खोक्यात चॅनेलचा तक्ता असतो. त्यात लाल, हिरवा, निळा, पांढरा एवढाच चार चॅनेलचा मोड असेल तर दुकानदाराचं पॅनेल चालेल. स्वस्त दिव्यांत पुष्कळदा फक्त आठ चॅनेलचा मोड असतो : डिमर, रंग, स्ट्रोब म्हणजे भराभर लुकलुकणं, आणि एकदोन आपोआप नाचवणारे चॅनेल. तसं निघालं तर ते पॅनेल भिंतीवर फक्त शोभेलच.

खरं सांगू? चार चॅनेल असले तरी मी तुम्हाला रंगचक्र घेऊ देणार नाही. शिपाईकाकांना चष्मा लावून गुळगुळीत काचेवर केशरी शोधायला का लावायचं? दृश्यं साठवणारा कंट्रोलर घ्या, दाबल्यावर टक् वाजणाऱ्या सहा बटणांचा. दृश्य म्हणजे कुठला दिवा किती आणि कुठल्या रंगात, हे आधीच ठरवून ठेवलेलं. व्याख्यान, कीर्तन, गॅदरिंग, एकांकिका, फक्त पुढचे, अंधार. बटणांवर मराठीत चिठ्ठ्या चिकटवा.

घेताना दोन गोष्टी खोदून विचारा. दृश्यं भरायला लॅपटॉप लागतो का? काहींना लागतो. काही कंट्रोलर मात्र दिवे चालवायच्या दुसऱ्या बोर्डाचे आकडे जसेच्या तसे टिपून ठेवतात. तुम्हाला तो बरा : गणपतीत लायटिंग करणाऱ्याकडून एका संध्याकाळपुरता 192 चॅनेलचा बोर्ड मागून आणा, सहा दृश्यं टिपा, बोर्ड परत करा. दुसरं, वीज जाऊन आली की कंट्रोलर शेवटचं दृश्य आपोआप लावतो, की कुणीतरी बटण दाबेपर्यंत गप्प बसतो? कोकणात पावसाळ्यात व्याख्यानं ठेवणाऱ्यांना हे मी वेगळं सांगायला नको. दुकानातच प्लग काढून घालून बघा.

चॅनेलची चिंता करू नका. आठ दिवे गुणिले आठ म्हणजे 64, पण तेवढेही लागत नाहीत. दिव्याचा पत्ता म्हणजे तो ज्या चॅनेलपासून ऐकायला लागतो तो आकडा. पुढच्या चारही दिव्यांना पत्ता 1 द्या, मागच्या चारांना 9. चौघे एकच निरोप ऐकतील आणि सोळा चॅनेलांत तुमचा रंगमंच आटपेल. कीर्तनाचं दृश्य भरताना पांढऱ्यात थोडा लाल आणि त्याहून थोडा कमी हिरवा मिसळा. एलईडीचा नुसता पांढरा बुवांच्या चेहऱ्यावर दवाखान्यासारखा पडतो.

केबल एका दिव्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, माळेसारखी न्यायची. मधून फांदी काढायची नाही. माइकची केबल पिना जुळतात म्हणून लावू नका. भिंतीतून नेटवर्कची कॅट-5 वायर चालते, पण विजेच्या पाइपातून नको. शेवटच्या दिव्याच्या रिकाम्या सॉकेटात पिन 2 आणि 3 यांमध्ये 120 ओहमचा रेझिस्टर लावा. किरकोळ किमतीची वस्तू आहे, पण ती नसली की कधीकधी दिवे अंगात आल्यासारखे करतात.

भिंत फोडायच्या आत कंट्रोलरचं पॅनेल हातात घ्या. बाहेरून येणारी बरीच पॅनेलं 86 मिलिमीटरच्या चौकोनी डब्याची असतात. आपल्या मॉड्युलर डब्यात ती बसत नाहीत. आणि एकांकिकावाले स्वतःचा बोर्ड घेऊन आले तर कंट्रोलरची केबल काढून त्यांची लावायची. दोन्ही एकाच लाइनवर कधीच नाही. दोघे एकदम बोलायला लागले की दिवे कुणाचंच ऐकत नाहीत. हे कंट्रोलरशेजारी ठळक लिहून ठेवा. नाटकवाले वाचत नाहीत, पण काका वाचतील.

प्रश्न : घरी टीव्हीच्या मागे एलईडी पट्टी लावली आहे. तिलाही असा कंट्रोलर लावता येईल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : येईल, पण पट्टीला डीएमएक्स कळत नाही. मध्ये तो निरोप पट्टीला समजावणारा डिकोडर लागेल, शिवाय पट्टीच्या व्होल्टचा सप्लाय. एवढ्या खटाटोपापेक्षा पट्टीसाठीच बनलेला, भिंतीला चिकटणारा वायरलेस रिमोट घ्या. आधी पट्टीवर छापलेले व्होल्ट वाचा.