नवस आईने केला, मग बेटावर मुलगा का?

प्रश्न : आम्ही वसई तालुक्यातले. मुलाला बारावी सायन्सला ५४ टक्के पडले, सीईटीत ४१ पर्सेंटाइल. इंजिनीअरिंगला चांगलं कॉलेज मिळणार नाही. अभ्यासात लक्ष नाही, दिवसभर मामाच्या बोटीवर इंजिनात हात काळे करत बसतो. माझा पुतण्या एका कॅथलिक धर्मसंस्थेत ब्रदर (व्रत घेतलेला, पण धर्मगुरू न झालेला) आहे आणि दोन वर्षांपासून पापुआ न्यू गिनीत एका बेटावर मिशनरी म्हणून शाळेत काम करतो. त्याचे फोटो बघून आम्ही ठरवलं की यालाही सेमिनरीत (धर्मगुरू होण्याचं शिक्षण देणाऱ्या विद्यालयात) घालायचं. शिक्षण, राहणं, खाणं संस्थेचं. परदेशात जाईल, पुढे त्याच्या बहिणीच्या शिक्षणालाही हातभार लागेल. शिवाय तो लहानपणी फार आजारी होता तेव्हा त्याच्या आईने नवस केला होता, हा वाचला तर देवाला देऊ. प्रवेशाची तयारी कशी करावी, इंग्रजी कसं सुधारावं, ते कळवावं. – एक पालक

(पत्राच्या शेवटी, वेगळ्या अक्षरात :) सर, दादा तिथे दिवसभर नक्की काय करतो हे मला कोणीच सांगत नाही. फोटोत तो नेहमी हसत असतो.

उत्तर :

नमस्कार.

तुमचं पत्र मी एकदा वाचलं. शेवटच्या दोन ओळी मात्र चार-पाच वेळा वाचल्या. पाकीट बंद करण्याआधी मुलाने त्या लिहिल्या हे तुम्हाला ठाऊक नसेल, तर आता त्याच्यावर रागावू नका. ज्याच्या आयुष्याचा निर्णय चालला आहे त्याचं अख्ख्या पत्रातलं बोलणं तेवढंच आहे.

५४ टक्क्यांची मला काळजी वाटली नाही, ४१ पर्सेंटाइलची तर मुळीच नाही. काळजी वाटली ती ‘घालायचं’ या शब्दाची. बालवाडीत मूल घालतात. सेमिनरीत माणूस स्वतः जातो. तुम्ही कारणं चार दिली आहेत : मार्क कमी पडले, खर्च वाचेल, परदेश मिळेल, नवस फिटेल. मुलाला या कामाची ओढ आहे का, तो कधी आपणहून फादरांशी बोलला आहे का, याबद्दल एक अक्षर नाही. इंजिनीअरिंगला सीट मिळत नाही म्हणून सेमिनरी, हा हिशोब मला अजिबात मान्य नाही. त्यात तुमच्या मुलाचा अपमान आहे आणि त्या जीवनाचाही.

आता नवस. तापाने फणफणलेलं लेकरू मांडीवर घेऊन रात्र काढणाऱ्या आईने देवाशी काय बोलणं केलं, त्यावर बाहेरच्या माणसाने बोट ठेवू नये. म्हणून मी माझं मत देण्याआधी कॅनन लॉ, म्हणजे चर्चचा कायदा, शिकलेल्या एका फादरांना फोन केला. त्यांनी जे सांगितलं ते तुम्ही दोघांनी शांतपणे वाचावं. चर्चची १९८३ची जी धर्मसंहिता आहे तिचं ११९३वं कलम म्हणतं की नवस फक्त करणाऱ्याला बांधतो. आईचा नवस आईला बांधतो, मुलाला नाही. ज्याचा नवस त्याला तो तितक्याच किंवा त्याहून चांगल्या कामात बदलता येतो, आणि योग्य कारण असेल तर तुमच्या चर्चचे प्रमुख धर्मगुरूही त्यातून मोकळं करू शकतात. त्याच संहितेचं ६४३वं कलम सांगतं की बळजबरी, मोठी भीती किंवा फसवणूक यांमुळे कोणी नोव्हिशिएटमध्ये, म्हणजे व्रतांआधीच्या तयारीच्या काळात, आला, तर तो प्रवेश वैधच नाही. पुढे धर्मगुरू होण्याच्या वेळी उमेदवाराला स्वतःच्या हाताने लिहून द्यावं लागतं की मी हे स्वखुशीने आणि मोकळेपणाने करतो आहे. म्हणजे ज्या संस्थेकडे तुम्ही मुलाला न्यायला निघाला आहात, ती दारातच त्याला विचारणार : तुला यायचं आहे का? घरात हा प्रश्न अजून कोणी विचारलेला नाही.

त्याच्या आईंना माझ्यातर्फे एवढं सांगा. त्या वेळी मुलगा वाचला, यात देवाने आपली बाजू पूर्ण केली असं त्या मानत असतील, तर आपली बाजू त्यांनी स्वतःच्या हाताने फेडावी. आजाऱ्यांची सेवा आहे, गरिबाच्या मुलाची फी आहे. तुमचे फादर मार्ग सांगतील. मुलाच्या डोक्यावर लहानपणापासून ‘तू देवाचा आहेस’ हे वाक्य ठेवलं असेल तर ते आता उतरवा. ते फार जड असतं. असं ओझं घेऊन आत गेलेली आणि तिशीत बाहेर पडलेली मुलं माझ्यासमोर येऊन बसली आहेत. त्यांना नोकरीचा मार्ग दाखवणं सोपं होतं. आईला तोंड कसं दाखवू, याचं उत्तर मला देता आलं नाही.

आता तुझ्याशी बोलतो. तुझं विचारणं अगदी रास्त आहे.

तुझा दादा नेमका कुठे आहे ते पत्रात नाही. पण माझा एक जुना विद्यार्थी, तोही तुमच्याकडचाच, ब्रदर असताना पापुआ न्यू गिनीतल्या न्यू ब्रिटन बेटावरच्या एका वसतिशाळेत दोन वर्षं राहून आला. त्याने सांगितलेलं तुला सांगतो, दादाचे दिवस फार वेगळे नसतील.

पापुआ न्यू गिनी १९७५मध्ये ऑस्ट्रेलियाकडून स्वतंत्र झाला. त्या एका देशात आठशेहून जास्त भाषा आहेत. त्यामुळे एकमेकांशी बोलायला लोक टोक पिसिन वापरतात. तिचे बरेच शब्द इंग्रजीतून आलेले, पण घडण पूर्ण वेगळी. दवाखाना म्हणजे ‘हाऊस सिक’, चर्च म्हणजे ‘हाऊस लोटू’, आपली भाषा बोलणारा, म्हणून आपला माणूस, तो ‘वानटोक’. वर्गात इंग्रजी चालते. पण रात्री ताप आलेला पोरगा टोक पिसिनमध्येच रडतो, आणि ती येत नसेल तर ब्रदर त्याच्या उशाशी नुसता बसून राहतो. माझा विद्यार्थी म्हणाला, पहिले तीन महिने मी बाळासारखा होतो, सात-आठ वर्षांची पोरं मला शब्द शिकवायची आणि मी चुकलो की टाळ्या वाजवायची. त्याला ते फार आवडायचं. पण आपण कोणाच्याही उपयोगाचे नाही असंही त्याला रोज वाटायचं.

दिवस पहाटे पाचला सुरू होतो. विषुववृत्ताजवळ असल्याने वर्षभर उजाडतं साधारण एकाच वेळी. प्रार्थना, मिस्सा, मग पोरांबरोबर झाडलोट आणि गवत कापणं. पाऊस इतका की आठवड्याभरात वाट बुजते. मग शाळा. दुपारी मळा, कारण वसतिगृहाचं जेवण बऱ्याच अंशी तिथेच उगवतं : रताळी, ज्याला तिकडे ‘कौकौ’ म्हणतात, अळूचे कंद, केळी. पोळी-भात-आमटी विसरायची. संध्याकाळी खेळ, आणि तिथे रग्बीचं वेड आपल्या क्रिकेटइतकं. रात्री दिवे असतील तर अभ्यासिका. नसतील तर जनरेटर, आणि तोही चालला नाही तर कंदिलाच्या उजेडात पोरांना गोष्ट. छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवून वापरायचं. मच्छरदाणी चुकली की मलेरिया. माझ्या विद्यार्थ्याला तो दोनदा झाला. १९९४मध्ये तिथे ज्वालामुखी फुटून रबाउल शहराचा मोठा भाग राखेखाली गेला आणि प्रांताचा कारभार जवळच्या कोकोपो गावी हलवावा लागला. त्या दिवसांच्या गोष्टी घरोघरी सांगतात.

परकेपणा मोडायला त्याला एक गोष्ट उपयोगी पडली. तिथले लोक सुपारी खातात, चुना लावून, तोंड लाल होईपर्यंत. वसईच्या बाजारात बसलेल्या म्हाताऱ्या त्याला आठवल्या, आणि कोकोपोच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बायांशी पहिल्यांदा मोकळं बोलणं झालं ते या सुपारीवरून.

एक रात्र मात्र त्याने मला सांगताना दोनदा थांबून सांगितली. आजी गेल्याचा निरोप आला तेव्हा तिथे मध्यरात्र उलटून गेली होती. विमान बदलत बदलत घरी पोहोचेपर्यंत माती होऊन गेली असती. तो गेला नाही. सकाळी पोरांना कळलं. संध्याकाळी गावातली माणसं आली, अंगणात बसली आणि कधी न पाहिलेल्या त्या आजीसाठी उशिरापर्यंत गात राहिली. तो म्हणाला, सर, त्या दिवशी मला घरी असायचं होतं, आणि त्या दिवशीच मला कळलं की मी इथे का आहे. दोन्ही खरं आहे.

तुझ्या दादाचं हसणंही खरं असेल. फक्त ताप चढलेल्या दिवशी कोणी फोटो काढत नाही.

पुन्हा पप्पांकडे वळतो, कारण त्यांच्या मनात एक मोठा गैरसमज आहे आणि तो मी अनेक घरांत पाहतो. मिशनरी म्हणून परदेशी गेलेला मुलगा म्हणजे परदेशी नोकरीला लागलेला मुलगा नव्हे. व्रतं तीन असतात : ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन. दारिद्र्याच्या व्रताचा अर्थ अगदी व्यवहारातला आहे. तो शाळेत शिकवेल त्याचा मोबदला त्याचा नसतो, संस्थेचा असतो. बहिणीच्या फीला तो पैसे पाठवू शकणार नाही. त्याने पाठवावे असा धोशा तुम्ही लावलात, तर त्याला व्रत आणि घर यांच्यामध्ये उभं करून दोन्हीकडून ओढाल. आज्ञापालनाचा अर्थ असा की बेट तो निवडत नाही. इच्छा सांगू शकतो, पण वरिष्ठ त्याला पापुआ न्यू गिनीऐवजी नंदुरबारच्या आश्रमशाळेत पाठवतील तर तिथे जायचं. आणि ‘कमी मार्कांना चालतं’ हेही मनातून काढा. बारावीनंतर धर्मगुरू व्हायला दहा-बारा वर्षं सहज जातात. त्यात तत्त्वज्ञान आहे, ईशज्ञान आहे, नव्या भाषा आहेत. ज्याला पुस्तकापुढे बसवत नाही त्याच्यासाठी ही पळवाट नाही.

सेवा करायला धर्मगुरूच व्हावं लागतं असंही नाही. त्याच न्यू ब्रिटन बेटावर, राकुनाई गावात, पीटर टो रोट नावाचा माणूस होऊन गेला. धर्मशिक्षक होता, लग्न झालेला, पोराबाळांचा बाप. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी मिशनऱ्यांना छावणीत डांबलं, तेव्हा गावाची प्रार्थना, बाप्तिस्मे, आजाऱ्यांची विचारपूस त्याने सांभाळली आणि १९४५मध्ये त्यासाठी जीव दिला. ऑक्टोबर २०२५मध्ये तो त्या देशाचा पहिला संत झाला. आणि तुमच्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया? १५९७मध्ये जपानात नागासाकीला क्रुसावर गेलेला हा माणूस फादर नव्हता, ब्रदर होता. त्याआधी तो पूर्वेकडच्या बंदरांत व्यापार करत होता. आधी हाताला काम, माणसांची ओळख, दोन-चार भाषा, आणि मग मनिलाला फ्रान्सिस्कन संघात प्रवेश. गासच्या चर्चमध्ये त्याच्या सणाला दरवर्षी जात असाल तर मुलाला ही बाजूही सांगा.

आता त्या इंजिनाबद्दल. तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलं आहे. तुमच्या पत्रातली सगळ्यात चांगली बातमी मला तीच वाटली. अठरा वर्षांचा मुलगा कोणी न सांगता दिवसभर बोटीच्या इंजिनाशी झगडतो, याला मी लक्ष नसणं म्हणत नाही. लक्ष तिथे आहे, तुम्हाला हवं तिथे नाही. बारावी सायन्सवर त्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला, मेकॅनिकल किंवा ऑटोमोबाइलला, अर्ज करता येईल. वर्गापेक्षा वर्कशॉप जवळचं वाटत असेल तर आयटीआयला डिझेल मेकॅनिक आहे. दोन्हींच्या प्रवेशाचं वेळापत्रक ऑनलाइन लागतं, त्यावर नजर ठेवा. माझा कल पॉलिटेक्निककडे आहे, पण त्याला मामाबरोबर एकदा दोन्ही ठिकाणची वर्कशॉप बघू द्या आणि त्यालाच ठरवू द्या.

आणि त्याच्या मनात खरोखर बेट असेल, तर हे शिक्षण वाया जात नाही. तिकडे किनाऱ्यावरच्या गावांना जोडते ती फायबरची लांबट होडी आणि तिचं आउटबोर्ड इंजिन. इंजिन बंद पडलं की औषध पोहोचत नाही आणि बाळंतीण दवाखान्यात पोहोचत नाही. माझ्या विद्यार्थ्याला स्पार्क प्लगसुद्धा बदलता यायचा नाही, आणि दोन वर्षांत सर्वांत जास्त खंत त्याला याचीच वाटली. डॉन बॉस्कोंच्या सलेशियन संस्थेच्या तंत्रशाळा पापुआ न्यू गिनीत आणि सॉलोमन बेटांवरही आहेत. हातात कसब असलेला ब्रदर तिथे हवाच असतो, आणि व्रत न घेता वर्ष-दोन वर्षं स्वयंसेवक म्हणून जाणारी तरुण मुलंही असतात. बाविसाव्या वर्षी, हातात डिप्लोमा असताना, त्याने स्वतः ‘मला जायचंय’ म्हटलं, तर त्याच्यासाठी शिफारसपत्र मी लिहीन.

तोवर एकच काम करा. पुतण्याला फोन लावा आणि मुलाकडे द्या. तिथलं घड्याळ आपल्यापुढे साडेचार तास असतं, त्यामुळे रविवारी दुपारी अडीचला लावलात तर तिथे संध्याकाळचे सात वाजलेले असतील. त्याला जे विचारायचं ते विचारू द्या. आणि ते बोलत असताना तुम्ही दोघं ओटीवर बसा.