आकार नंतर बघा, आधी ढग हलतोय का ते बघा

प्रश्न: नमस्कार ताई, उत्तरायणला आम्ही सगळे दांडिया बाजारात भावाच्या अगाशीवर होतो. सकाळी दहाच्या सुमारास डोक्यावर एकदम गुळगुळीत, ताटलीसारखा ढग आला, फोटो सोबत पाठवलाय, फॅमिली ग्रुपवर सगळे उडती तबकडी म्हणताहेत. सात-आठ मिनिटांत तो अगाशीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे गेला. मग साडेचारला पावागड डोंगराच्या बाजूला अगदी खाली एक बारीक, बदामाच्या आकाराचा ढग दिसला, त्याचा फोटो नाही काढला, पण तो अर्धा तास समोरच्या दोन टाक्यांच्या मधेच होता. पहिला लेंटिक्युलर, म्हणजे तो भिंगाच्या आकाराचा ढग ना? आणि दुसरा हलला कसा नाही, वारा तर इतका होता की पोरांना पतंग आवरत नव्हते!
– एक वाचक, बडोदे

उत्तर: फोटो खरंच सुंदर आलाय, पण तो लेंटिक्युलर नाही आणि कारण तुम्हीच लिहिलंय, तो चालत गेला, लेंटिक्युलर एका जागी उभा राहतो. ज्याचा फोटो काढला नाहीत तो बारका ढग खरा लेंटिक्युलर असावा असं मला वाटतं, आणि तुम्ही तो अर्धा तास बघत बसलात याचा मला इतका आनंद झाला की पत्र घरात मोठ्याने वाचून दाखवलं.

होतं काय, की वारा जोरात असला आणि हवेचे थर स्थिर असले की डोंगरावर ढकललेली हवा वर जाते, गार होते, जड होते, पलीकडे खाली येते, पण झोकात जरा जास्तच खाली येते, मग परत वर, असं हेलकावे खात डोंगरामागे लाटा तयार होतात. ओढ्यात दगडामागे पाण्याचा उंचवटा दिसतो बघा, पाणी वाहून जातं पण उंचवटा तिथेच राहतो, तसंच. हवेत ओलावा असेल तर लाटेच्या माथ्यावर त्याचे बारीक थेंब होतात आणि हवा उतरायला लागली की विरतात. म्हणजे ढगाच्या एका कडेला थेंब सतत तयार होताहेत, दुसऱ्या कडेला नाहीसे होताहेत, आणि आपल्याला वाटतं ढग उभा आहे. तुमचा पतंगही वाऱ्यात उभाच होता, पण तो मांज्याने धरलेला एकच कागद, आणि हा ढग दर मिनिटाला नव्या थेंबांचा. शिवाय पतंग शे-दोनशे मीटरवर आणि असे ढग साधारण दोन ते सहा किलोमीटरवर, तिथला वारा वेगळा असतो, हिवाळ्यात तर बहुतेक पश्चिमेचा.

आता दिशा बघा. पावागड बडोद्याच्या पूर्वेला, थोडा उत्तरेकडे, सरळ रेषेत ४० किलोमीटरपेक्षा जरा कमी अंतरावर आहे. पश्चिमेचा वारा आधी आपल्या डोक्यावरून जातो आणि मग पावागडला धडकतो, म्हणजे त्याने उठवलेल्या लाटा डोंगराच्या पलीकडे. ढग तीन किलोमीटर उंच आणि आपल्यापासून ५५ किलोमीटर लांब धरला तर हात पुढे ताणून क्षितिजावर दोन बोटं आडवी धरा, जेमतेम तेवढ्यावर दिसणार. तुम्ही 'अगदी खाली' लिहिलंय ते इथे बरोबर बसतं, आणि डोक्यावरच्या ढगाचं श्रेय पावागडला देताच येत नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, पावागड सुमारे ८०० मीटरचा आणि एकटा डोंगर आहे, वारा त्याच्यावरून जातो तसा बाजूनेही निसटतो, त्यामुळे लांबलचक रांगेमागे उठतात तशा जोरदार लाटा इथे रोज मिळणार नाहीत.

पुढच्या वेळी फोन टाकीवर टेकवून ठेवा, हाताने धरू नका, आणि टाइमलॅप्स लावा. फोन नसेल तर एका जागी बसून ढगाची कड वायरीशी किंवा टाकीच्या कोपऱ्याशी जुळवा आणि दहा मिनिटं मान हलवू नका. उत्तरेत पश्चिमी विक्षोभ (हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारी पावसा-बर्फाची हवा) येतोय, काश्मीरला बर्फ पडणार अशी बातमी आली की आभाळाकडे जास्त लक्ष द्या, तेव्हा वरचा वारा वाढतो आणि मधल्या थरात ओलावा येतो. ढग सूर्याजवळ असेल तर कडेला शिंपल्याच्या आतल्यासारखे रंगही दिसतात, पण सूर्य भिंतीआड ठेवूनच बघा.

या लाटांवर ग्लायडरवाले इंजिनशिवाय वर चढतात. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये अर्जेंटिनात पर्लान २ नावाचं ग्लायडर अँडीजच्या लाटांवरून ७६,००० फुटांवर गेलं, म्हणजे २३ किलोमीटरच्या वर! मला ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी पुरत नाही.

प्रश्न: पावसाळ्यात पावागड ढगाची टोपी घालतो, ती पण लेंटिक्युलर का?
– एक वाचक, हालोल

उत्तर: भावंड म्हणा. हवा चढताना गार होऊन ढग होतो हे सारखंच, पण टोपी माथ्यालाच चिकटलेली असते आणि लेंटिक्युलर बहुतेक वेळा डोंगराच्या मागे, वर लटकलेला. जपानमध्ये फुजीच्या बाबतीत लोकांनी दोन वेगळे शब्दच ठेवलेत, टोपीला कासागुमो आणि लटकलेल्याला त्सुरुशीगुमो. तुम्ही अगदी पायथ्याशी आहात, टोपी तुम्हाला छान दिसेल, पण पश्चिमेच्या वाऱ्यात मागची लाट डोंगराआड जाण्याची शक्यता आहे, तेव्हा त्या ढगासाठी हिवाळ्यात एखाद्या संध्याकाळी बडोद्याच्या एखाद्या उंच अगाशीवर या.