रहिवासी भागात पार्किंगच्या जागेवर बेघरांसाठी तात्पुरता निवारा उभारता येतो का? सोसायटीला तो थांबवता येईल का?

येतो. आणि थांबवणं बहुतेक जमणार नाही. जमत असलं तरी मी त्यात मदत करणार नाही, हे आधीच सांगून टाकते.

तुम्ही लिहिलंय की समोरचा प्लॉट विकास आराखड्यात पार्किंगसाठी आरक्षित आहे, महापालिका तिथे पत्र्याची शेड टाकून निवारा केंद्र करतेय, भाग रहिवासी झोनमध्ये येतो आणि तुमच्या सोसायटीच्या तीसेक गाड्या रात्री तिथेच लागतात. शेवटी विचारलंय, ‘आता आम्ही गाड्या लावायच्या कुठे?’ खरा प्रश्न हा शेवटचा आहे, बाकीचं त्याला नेसवलेलं लुगडं. आमच्या सोसायटीच्या सभेत हेच सगळं शब्दाशब्दानं ऐकलंय, म्हणून लिहायला बसले.

नियमाचं आधी उरकते. रहिवासी झोन म्हणजे फक्त फ्लॅटमालकांनी राहायचा झोन, असं कुठे लिहिलेलं नाही. वसतिगृहंही याच झोनमध्ये असतात. माणसं रात्री झोपली, सकाळी आंघोळ करून कामाला गेली, तर याहून रहिवासी वापर आणखी कोणता? तुमचा मुद्दा काही असलाच तर तो आरक्षणाचा. आरक्षण कायमचं बदलायचं तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ३७ प्रमाणे जाहीर सूचना, हरकतींसाठी महिनाभर मुदत आणि शासनाची मंजुरी, असा सगळा रस्ता चालावा लागतो. पण मुदतीच्या परवानगीवर टाकलेली शेड म्हणजे आरक्षणातला बदल नव्हे. म्हणून नगररचना विभागातून त्या प्लॉटचा झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या. माहिती अधिकारात तीन गोष्टी विचारा: आदेश कोणाच्या सहीचा, मुदत किती, प्लॉट महापालिकेच्या ताब्यात आलाय का. उत्तरं नीट आली तर विषय संपला.

यामागे न्यायालयाचाही रेटा आहे. दिल्लीत ऐन थंडीत पुसा रोडजवळचा तंबूतला रात्रनिवारा पाडला गेला. २०१० च्या जानेवारीत ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथून देशभरातल्या शहरांना निवाऱ्यांबाबत आदेश निघत गेले. नंतर राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये लाख लोकसंख्येमागे किमान शंभर माणसांची सोय, तीही माणसं जिथे काम करतात त्याच्या जवळ, असं आलं. स्टेशन, एसटी स्टँड, मंडई यांच्या आसपास म्हणजे रहिवासी भाग येणारच. गावाबाहेर कचरा डेपोशेजारी निवारा बांधून उपयोग काय, पहाटे चारला मंडईत पोचायचं कसं?

आता आमच्याकडचं सांगते. शहराचं आणि सोसायटीचं नाव घेत नाही, घेतलं तर दिवाळीचा फराळ बंद होईल. मी तेव्हा खजिनदार होते. शेजारी महापालिकेची शाळा, पट घसरत घसरत बंद पडलेली. मैदानाचं फाटक मोडलेलं, त्यामुळे आमच्या लोकांच्या गाड्या रात्री आत. कुणी परवानगी घेतली नव्हती आणि कुणी विचारलंही नव्हतं. मग त्या शाळेच्या खालच्या खोल्यांमध्ये बेघरांसाठी निवारा सुरू झाला, फाटक दुरुस्त झालं, त्याला कुलूप लागलं. आणि आठवड्याभरात आमच्याकडे विशेष सर्वसाधारण सभा! एरवी ज्या सभेला कोरम भरत नाही म्हणून अर्धा तास थांबावं लागतं, तिला त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या.

बोलणं सगळं सुरक्षिततेचं. मुलीबाळी क्लासहून उशिरा येतात. फ्लॅटचे भाव पडतील. रहिवासी झोनचा भंग. मी विचारलं, आत कोण राहतं ते कुणी बघून आलंय का? कुणीच नाही. मी गेले होते. वर्गाच्या फळ्यावर वर कोपऱ्यात ‘पट’ आणि ‘हजर’ हे रकाने पांढऱ्या रंगाने रंगवलेले होते, तसेच राहिलेले. काळजीवाहक त्यातच खडूने रोजचा आकडा मांडायचा. भिंतीशी लोखंडी पलंग, प्रत्येकाच्या उशाशी पत्र्याची पेटी, पेटीला कुलूप. हमाल होते, लग्नाच्या हंगामात केटररकडे वाढपी म्हणून जाणारी पोरं होती, हारवाल्यासाठी गजरे ओवणाऱ्या एक आजी होत्या. कमावणारी माणसं, फक्त भाडं परवडत नाही किंवा घरातून हाकललेली. एक-दोघं पिणारे होते, नव्हते असं म्हणणार नाही. आमच्या इमारतीत किती आहेत ते पाण्याची टाकी धुणाऱ्याला विचारा, गच्चीवरच्या बाटल्या तोच उचलतो.

सभेत हे सांगितलं तर अध्यक्ष म्हणाले, “वहिनी, तुमची गाडी नाही म्हणून तुम्हाला हे सुचतंय.”

गाडी नाही हे खरं, स्कूटी आहे. पण पार्किंगचं रजिस्टर माझ्याकडे होतं. म्हणून मी ते वाचून दाखवलं. स्टिल्टमधल्या, म्हणजे इमारतीखाली खांबांमध्ये मोकळ्या सोडलेल्या पार्किंगमधल्या, दोन जागा अध्यक्षांच्या, बिल्डरच्या पावतीवर ‘विकत घेतलेल्या’. एकीला जाळी मारून आत जुना सोफा, सिंटेक्सची टाकी आणि आकाशकंदिलाचे सांगाडे. दुसरी समोरच्या दुकानदाराच्या टेम्पोला महिना भाड्याने, आणि त्या भाड्यातला रुपया सोसायटीच्या खात्यात नाही. आणखी दोघांनी अशाच जाळ्या मारलेल्या. मग गाड्या शाळेच्या मैदानात जाणार नाहीत तर कुठे जातील?

आणि ती ‘विकत घेतलेली’ जागा! ३१ ऑगस्ट २०१० ला सर्वोच्च न्यायालयाने दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की स्टिल्टमधली जागा बिल्डरला सुटी विकता येत नाही, ती सामाईक जागा आहे. वाटप सोसायटीने करायचं. आदर्श उपविधींत तर गाड्या जास्त आणि जागा कमी असतील तर दर वर्षी सोडत काढा, असं सांगितलेलं आहे. आमच्याकडे सोडत हा शब्द फक्त म्हाडाच्या बातमीत ऐकलेला.

सही न करणारी मी एकटीच. निवाऱ्याविरुद्धचा अर्ज महापालिकेकडे गेलाच. वॉर्ड ऑफिसातून कनिष्ठ अभियंता आला, टेप घेऊन. शाळेकडे त्याने बघितलंही नाही. तो आमच्या स्टिल्टमध्ये शिरला, नकाशा उलगडला आणि एकेका जाळीसमोर उभं राहून खुणा करत गेला. पुढच्या पंधरवड्यात नोटीस आली, सोसायटीलाच. मंजूर नकाशात पार्किंग दाखवलेल्या जागा बंदिस्त केल्या म्हणून.

तेव्हापासून अध्यक्ष सगळ्यांना सांगत फिरतात की वहिनींनीच आतून कळवलं. आजही जिन्यात दिसले की मान वळवतात. वाचत असाल तर एकदाच सांगते भाऊसाहेब, मी काही कळवलं नव्हतं. आमच्याकडे पार्किंग कमी पडतं हे सिद्ध करायला अर्जाला मंजूर नकाशाची प्रत तुम्हीच जोडली होती. त्या माणसाने फक्त ती वाचली.

म्हणून तुम्हाला पहिला सल्ला असा, की हरकतीचा अर्ज लिहिण्याआधी स्वतःचा मंजूर नकाशा घेऊन खाली उतरा. किती जागा दाखवल्यात, किती मोकळ्या आहेत, किती जणांकडे दोन-दोन आहेत, किती भाड्याने गेल्यात, हे मोजा. पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये जनरेटर नाही ना, तेही बघा. तुमच्या तीसमधल्या निदान निम्म्या गाड्यांची सोय कुंपणाच्या आतच होईल, असा माझा अंदाज आहे.

आणि एक हिशोब, बँकेत आयुष्य गेल्यामुळे राहवत नाही म्हणून. नियमावलीत एका मोटारीला अडीच मीटर बाय पाच मीटर जागा धरतात, म्हणजे साडेबारा चौरस मीटर, साधारण १३४ चौरस फूट. निवारा केंद्रात माणशी किमान ५० चौरस फूट. एका मोटारीच्या जागेत अडीचहून थोडी जास्त माणसं. तुमच्या तीस गाड्यांच्या जागेत ऐंशी माणसं झोपतील. येण्याजाण्याला जागा सोडायची म्हणून थोडी कमी धरा हवं तर. शिवाय माणसासाठी खोली बांधली की ती एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं त्या मर्यादेत, मोजतात, गाडीसाठीच्या स्टिल्टला त्यातून सूट. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दोन लाखांवर बेघर मोजले गेले. गाडीला छप्पर हवं हे आपण नियमात लिहून ठेवलंय आणि कुणाला त्याचं नवल वाटत नाही.

तुमचं सगळंच खोटं आहे असं मी म्हणत नाही. पुरेसे संडास, दिवे, रात्रीचा काळजीवाहक, बायकांसाठी वेगळी सोय, पत्र्याच्या शेडमध्ये आगीपासून सुरक्षितता, या गोष्टी मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि त्या जरूर मागा. आमच्याकडे सुरुवातीला संडास अपुरे होते, लोक भिंतीकडे जायचे, वास यायचा, ती तक्रार मीही केली होती आणि सुधारणा झाली. ‘तात्पुरतं’ असं सांगून दहा वर्षं तसंच पडून राहतं हीही भीती खोटी नाही, म्हणूनच मुदत लेखी मागा म्हटलं. प्लॉट खासगी असेल आणि अजून संपादित झालेला नसेल तर गोष्ट वेगळी, ती मालकाची लढाई, तुमची नव्हे. आणि मुंबईत असाल तर तिथली विकास नियंत्रण नियमावली स्वतंत्र आहे. बाकी राज्यात बहुतेक ठिकाणी २०२० ची एकत्रिकृत नियमावली लागू आहे, तेव्हा कलमं कुठली ते वकिलाकडून नीट बघून घ्या. मी वकील नाही.

गाड्यांचं म्हणाल, तर महापालिकेकडे रात्रीच्या पे-अँड-पार्कची मागणी करा. पैसे भरावे लागतील. तो प्लॉट इतकी वर्षं फुकट वापरलात, तो तुमचा कधीच नव्हता.

आणि तुमच्या सोसायटीत स्टिल्टची सोडत शेवटची कधी काढली होती, तेवढं जरा खाली लिहा.